ख्वाजा अहमद अब्बास यांच्यावर तीन तासांचा कार्यक्रम करायचाय. काय घ्यावं, काय सोडावं?

बोरीकाठ (अमळनेर)

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलेजच्या मराठी आणि राज्यशास्त्र विभागांनी मिळून पटकथाकार, पत्रकार आणि चळवळीतले कार्यकर्ते ख्वाजा अहमद अब्बास यांच्यावर एक कार्यक्रम ठरवलाय. वेळ तीन तास, सभागृह सव्वाशे खुर्च्यांचं, प्रोजेक्टर कॉलेजचा. समोर बी.ए.च्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं असतील. गावातल्या वाचनालयाचे काही सभासदही यायचं म्हणताहेत.

जिथे शोधावं तिथे 'राज कपूरचे लेखक' आणि 'अमिताभला पहिली संधी देणारे' या दोनच वाक्यांवर गाडी थांबते. तेवढ्यासाठी तीन तास घेण्यात अर्थ नाही. त्यांचं लेखन आणि त्यांची चळवळ वेगवेगळी न दाखवता एकत्र कशी मांडावी? कोणत्या सिनेमांतला कोणता भाग दाखवावा? मुलांकडून काही लिहून घेता येईल का? आणि असे सिनेमे सभागृहात दाखवायला परवानगी लागते का? जाणकारांनी सविस्तर सांगावं. तारीख अजून पक्की नाही, ७ जूनचा विचार आहे.

पांझरा (धुळे)

ताई, आधी तारखेचं बघा. ७ जून ही त्यांची जयंती आणि १ जून पुण्यतिथी. दोन्ही दिवस सुट्टीत पडतात, खेड्यावरची मुलं तेव्हा पेरणीच्या तयारीत असतात, सभागृह रिकामं राहील. त्यापेक्षा २४ सप्टेंबर धरा. १९७० साली याच तारखेला सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या सेन्सॉरविरोधी याचिकेवर निकाल दिला. सत्र सुरू असतं आणि राज्यशास्त्र विभागालाही हक्काचं कारण मिळतं.

आता मांडणी. जन्म, शिक्षण, सिनेमे, पुरस्कार या क्रमाने गेलात तर पंधराव्या मिनिटाला मुलं मोबाइल काढतील. फळ्यावर तीन आडव्या ओळी आखा. पहिली ओळ वर्तमानपत्राची, दुसरी इतरांसाठी लिहिलेल्या पटकथांची, तिसरी स्वतः काढलेल्या सिनेमांची. वर सालं टाका आणि एकेक खूण भरत जा. सोबत एवढंच सांगा: पहिल्या ओळीतून विषय यायचे, दुसरीतून पैसा यायचा आणि तिसरीत तो खर्च व्हायचा. मला तरी त्यांचं आयुष्य समजून घ्यायला याहून सोपी वाट दिसत नाही.

पहिल्या ओळीत हे भरा. १९१४ साली पानिपतात जन्म, उर्दू कवी हाली यांच्या घराण्यात. अलीगढहून १९३३ला बी.ए., १९३५ला एलएल.बी. वकिली न करता थेट मुंबई, 'बॉम्बे क्रॉनिकल'. तिथे राजकीय वार्ताहर, पुढे चित्रपट समीक्षक. त्यांचं 'लास्ट पेज' हे सदर क्रॉनिकलमधून 'ब्लिट्झ' या साप्ताहिकात गेलं आणि त्यांच्या शेवटापर्यंत चाललं. चार दशकांहून जास्त काळ दर आठवड्याला एक पान, मग शूटिंग असो नाहीतर कोर्टाची तारीख.

दुसरी ओळ १९४१ला सुरू होते. पत्रकारितेवरची 'नया संसार' ही पटकथा त्यांनी बॉम्बे टॉकीजला दिली. त्याआधी तिथेच ते प्रसिद्धीचं काम अर्धवेळ करायचे, त्यामुळे स्टुडिओ आतून माहीत होता. पुढे 'आवारा' (१९५१), 'श्री ४२०' (१९५५), 'मेरा नाम जोकर' (१९७०), 'बॉबी' (१९७३). यातल्या बहुतेक कामांत त्यांच्यासोबत व्ही. पी. साठे होते. हे नाव आपल्याकडच्या कार्यक्रमांत हमखास गळतं. फळ्यावर अब्बासांच्या शेजारी ते लिहाच. पटकथा जोडीने लिहिली जाते हेही मुलांना तिथेच कळेल.

तिसरी ओळ त्यांच्या स्वतःच्या 'नया संसार' या संस्थेची, १९५१पासून. इथे 'मुन्ना' (१९५४) येतो, एकही गाणं नसलेला. 'परदेसी' (१९५७) हा सोव्हिएत रशियासोबतचा. फुटपाथवर राहणाऱ्यांचा 'शहर और सपना' (१९६३), ज्याला त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. गोवामुक्तीवरचा 'सात हिंदुस्तानी' (१९६९), पाण्यावरचा 'दो बूंद पानी'. यातले बहुतेक तिकीटबारीवर चालले नाहीत. तरी पुढचा विषय तितकाच अवघड घेतला, आणि खर्च भागवायला पुन्हा दुसऱ्या ओळीत काम केलं.

१९४६ या सालावर मात्र थांबा, पाच-सात मिनिटं द्या. या एका वर्षात त्यांच्या लेखणीचे तीन सिनेमे आहेत. बंगालच्या दुष्काळावरचा 'धरती के लाल' हा इप्टाने (डाव्या विचारांच्या कलावंतांच्या जननाट्य संघाने) काढलेला, दिग्दर्शनही अब्बासांचं. चेतन आनंद यांचा 'नीचा नगर', पहिल्या कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळालेल्या अकरा सिनेमांपैकी एक. आणि शांतारामबापूंचा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी', सोलापूरच्या त्या डॉक्टरवरचा, अब्बासांच्याच पुस्तकावरून. भुकेलेले शेतकरी, गलिच्छ वस्तीतली माणसं, परक्या देशात रुग्णसेवा करताना गेलेला तरुण. स्वातंत्र्य अजून वर्षभर लांब आहे आणि एक पत्रकार या तीन गोष्टी पडद्यावर आणतोय. 'चळवळ म्हणजे काय' हा प्रश्न इथे वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

तापीकाठ (भुसावळ)

बठ्ठासले रामराम. पांझरा भाऊंनी फळा भरून दिला, मी पडद्याचं सांगतो.

पूर्ण सिनेमा दाखवू नका. 'आवारा' एकटाच तीन तासांचा आहे. दोन तुकडे पुरेत. पहिला 'आवारा'ची सुरुवात, साधारण बारा मिनिटं. कोर्टात राजवर न्यायाधीश रघुनाथ यांच्यावर प्राणघातक हल्ला केल्याचा खटला आहे, रीता त्याचं वकीलपत्र घेते आणि साक्षीला उभ्या न्यायाधीशालाच प्रश्न विचारते. तिथून कथा मागे जाते. दाखवण्याआधी मुलांना कोरा कागद द्या आणि सांगा: पडद्यावरून तुम्हाला एखादी नवी गोष्ट कळली की ती एका ओळीत लिहा. नंतर याद्या जुळवा. प्रेक्षकाला कोणती माहिती आधी द्यायची, कोणती राखून ठेवायची, हा पटकथेचा कणा त्यांना स्वतःच्याच कागदावर दिसेल. रघुनाथचं मत असं की चोराचा मुलगा चोरच होणार. त्याच मतापायी जग्गा डाकू बनतो, सूड उगवतो, आणि शेवटी रघुनाथचाच मुलगा आरोपीच्या पिंजऱ्यात येतो. माणूस रक्ताने घडतो की परिस्थितीने, हा अब्बासांचा राजकीय मुद्दा कुठेही भाषणात नाही, घटनांच्या साखळीत आहे.

दुसरा तुकडा 'धरती के लाल'मधला, गाव सोडून लोक शहराकडे निघतात तो, वीस मिनिटं. यात बलराज सहानी, शंभू मित्र, तृप्ती मित्र आहेत, संगीत रविशंकर यांचं. आणि आपल्या भागाला सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे धुळ्याकडच्या किसान सभेच्या शेतकऱ्यांनी यात काम केलंय. बंगालचा दुष्काळ आणि चेहरे आपल्या खान्देशातले. हे तुकडा सुरू करण्याआधी सांगा, मुलं पडद्याकडे वेगळ्या नजरेने बघतील.

एक गोष्ट स्पष्ट बोला. अब्बासांच्या स्वतःच्या सिनेमांत पात्रं बऱ्याचदा अग्रलेख बोलतात. मुद्दा हातातून निसटू नये म्हणून ते तो तोंडानेच वदवतात. राज कपूरसाठी लिहिताना प्रेमकथा, गाणी, विनोद यांना जागा द्यावी लागायची, म्हणून तोच मुद्दा कथानकात विरघळून यायचा. पैशासाठी केलेलं काम म्हणून दुसऱ्या ओळीला कमी लेखू नका. पटकथेची कारागिरी शिकायची तर ती तिथेच जास्त आहे. पण 'शहर और सपना'चा विषय त्या काळात दुसरा कोण घेणार होता, हेही त्याच दमात सांगा.

जोडीला 'सात हिंदुस्तानी'ची पात्रयोजना पाच मिनिटांत तोंडी सांगण्यासारखी आहे. बंगाली उत्पल दत्त पंजाबी शेतकरी झालेत, केरळचे मधू बंगाली झालेत, अलाहाबादचा अमिताभ बिहारचा मुसलमान कवी झालाय. माणसाला त्याच्या प्रांताच्या साच्यातून बाहेर काढायचं हा विचार त्यांनी नटांच्या निवडीतच बसवला. अमिताभची गोष्ट सांगायचीच असेल तर या अंगाने सांगा.

आता तांत्रिक अडचणी, कारण अर्धे कार्यक्रम यातच फसतात. १९४६च्या सिनेमांच्या मिळणाऱ्या प्रती फिक्या आणि करड्या असतात. खिडक्यांतून उजेड आला की रात्रीची दृश्यं पडद्यावरून गायबच होतात. सप्टेंबरात दुपारी लख्ख ऊन पडतं, म्हणून काळं कापड किंवा जाड सतरंज्या खिडक्यांना आधीच बांधा. आवाजात खरखर असते आणि वर सभागृहातले पंखे गरगरतात. अशा वेळी स्पीकर पडद्यामागे न ठेवता मधल्या रांगेच्या दोन्ही बाजूंना, डोक्याच्या उंचीवर ठेवा. आवाज वाढवण्यापेक्षा मंद्र (बेस) कमी करा, शब्द सुटे ऐकू येतात. इंटरनेटवरून थेट लावू नका. फाइल लॅपटॉपवर आणि एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवा, तुकडा नेमका कुठे सुरू होतो ते मिनिट-सेकंद कागदावर लिहून प्रोजेक्टरवर बसणाऱ्याच्या हातात द्या. वीज गेली तर तो वेळ कोर्टाच्या निकालाच्या वाचनाला वापरा, त्याला पडदा लागत नाही.

गिरणाथडी (चाळीसगाव)

कोर्टाचा भाग मी सांगते. हा कार्यक्रमाचा कळसाचा भाग होऊ शकतो, पण बहुतेक ठिकाणी चुकीचा सांगितला जातो.

अब्बासांनी 'चार शहर एक कहानी' नावाचा छोटा कृष्णधवल माहितीपट काढला. मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्ली या चार शहरांतलं श्रीमंतांचं आणि गरिबांचं जगणं समोरासमोर ठेवणारा. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्यं होती. त्यांनी सर्वांसाठीचं 'यू' प्रमाणपत्र मागितलं, सेन्सॉर मंडळाने प्रौढांसाठीचं 'ए' दिलं. वर अपील केलं तेव्हा केंद्र सरकारने कळवलं की ठरावीक दृश्यं कापा, मग 'यू' देतो. कापायला सांगितलेलं काय होतं? खिडकी बंद करणारी बाई, उघडे गुडघे, आणि हातातून हातात जाणारी नोट. मुलांना हे तीन तुकडे सांगा आणि विचारा, यात अश्लील काय आणि सत्य काय. चर्चा आपोआप पेटेल.

अब्बास थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी चालू असतानाच सरकारने काहीही न कापता 'यू' द्यायचं कबूल केलं. दुसरा कोणी असता तर प्रमाणपत्र घेऊन घरी गेला असता. त्यांनी उलट याचिकेत दुरुस्ती मागितली आणि लढा एका माहितीपटापुरता न ठेवता पूर्वसेन्सॉरच्या मुळाशी नेला. मागण्या चार होत्या: सिनेमा प्रदर्शनाआधी तपासण्याची पद्धतच नको, असेल तर ठोस आणि स्पष्ट नियम हवेत, निर्णयाला मुदत हवी, आणि अपील सरकारकडे नको, न्यायालयाकडे किंवा स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे हवं.

सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या पाच जणांच्या पीठाने पहिली मागणी मान्य केली नाही. चित्रपटाचा परिणाम इतर माध्यमांपेक्षा खोल होतो, म्हणून त्याला वेगळी वागणूक देणं आणि पूर्वसेन्सॉर ठेवणं राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२)मध्ये, म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरच्या वाजवी बंधनांत बसतं, असं ठरलं. म्हणून 'अब्बास खटला जिंकले' असं सांगू नका. माहितीपट सुटला, तत्त्वाचा मुद्दा हरला. मुदत आणि अपिलाच्या बाबतीत मात्र सरकारच्या वकिलांनी सुधारणेची तयारी न्यायालयातच दाखवली. पुढे १९८१च्या दुरुस्तीने चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरणाची तरतूद झाली आणि १९८३मध्ये ते सुरू झालं. २०२१ला ते रद्द झालं, आता निर्मात्याला उच्च न्यायालयात जावं लागतं. राज्यशास्त्राच्या सरांनी ही साखळी १९५२च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यापासून २०२१पर्यंत दहा मिनिटांत मांडावी.

निकालपत्र इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतं. संपूर्ण वाचू नका. समाजातल्या सगळ्यात दुबळ्या किंवा सगळ्यात बिघडलेल्या माणसाला जपण्याच्या नावाखाली निरोगी मनाच्या माणसाने काय पाहावं हे ठरू नये, अशा अर्थाचा जो परिच्छेद आहे तेवढा मराठी करून वाचा. पूर्वसेन्सॉर मान्य करणाऱ्या त्याच निकालात हे लिहिलंय. मुलांना हा पेच समजला पाहिजे, तो सोडवून देऊ नका.

बोरीकाठ (अमळनेर)

किती मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. २४ सप्टेंबर पक्की करते. अजून दोन शंका. वाचनालयाचे सभासद बसले तर परवानगीत फरक पडतो का? आणि लेखनाचा सराव मुलांनी अहिराणीत केला तर चालेल ना?

गिरणाथडी (चाळीसगाव)

फरक पडतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये शिक्षणसंस्थेला सवलत आहे, पण प्रेक्षक फक्त शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेच्या कामाशी थेट जोडलेली माणसं असतील तरच. वाचनालयाचे सभासद आले की ही सवलत लागू होत नाही. प्रवेश मोफत ठेवला म्हणूनही सुटका नाही.

मग वाट अशी. सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. 'धरती के लाल' १९४६चा, म्हणजे २००६अखेर संपला. 'आवारा' १९५१चा, २०११अखेर संपला. तुम्ही दाखवणार ते दोन्ही तुकडे यात बसतात. 'सात हिंदुस्तानी' १९६९चा, त्याचा हक्क २०२९अखेरपर्यंत आहे, म्हणून बाहेरचे लोक असताना तो पडद्यावर नको, तोंडीच सांगा. कथा आणि लेख यांचा हिशेब वेगळा, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. अब्बास १९८७ला गेले, म्हणजे त्यांचं लिखाण २०४७अखेरपर्यंत हक्कात आहे. छापील लेखनातला माफक उतारा जाहीरपणे वाचायला कायद्याची मुभा आहे, पूर्ण कथेचं नाट्यवाचन मात्र परवानगीशिवाय करू नका. तुकडे इंटरनेटवर पुन्हा टाकू नका आणि कार्यक्रमाचं चित्रीकरण केलंत तर पडदा चालू असतानाचा भाग वगळा. व्हिडिओ संकेतस्थळाची वर्गणी भरलेली असली तरी ती घरगुती वापरासाठी असते, सभागृहासाठी नसते. चांगली प्रत हवी असेल तर कॉलेजच्या पत्रावर पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे आत्ताच विचारणा करा. कागद फिरायला वेळ लागतो.

तापीकाठ (भुसावळ)

अहिराणीत तर कराच, ताई. संवाद बोलीत लिहिले की मुलं अग्रलेख लिहीत नाहीत, हा सगळ्यात मोठा फायदा.

सराव असा घ्या. आठवडाभराच्या स्थानिक वर्तमानपत्रांतून मुलांनी एक बातमी निवडायची. रावेर-यावलकडे केळीचे भाव पडले, सातपुड्यातून ऊसतोडीला निघालेली कुटुंबं, पांझरेला पाणी न सुटल्यामुळे थांबलेली पेरणी, असलं काही. अब्बासांचे विषयही वर्तमानपत्रातूनच यायचे, म्हणून ही सुरुवात योग्य. बातमीखाली तीन ओळी लिहायच्या: कुणाला काय हवंय, ते कोण अडवतंय, आणि नाही मिळालं तर आज रात्रीपर्यंत काय बिघडेल. तिसरी ओळ जमली नाही तर बातमी बदला, कारण 'व्यवस्था वाईट आहे' यावर दृश्य उभं राहत नाही. 'व्यापाऱ्याचा ट्रक चारला निघणार आणि घड अजून बांधावर आहेत' यावर उभं राहतं.

मग तीनच दृश्यं, प्रत्येक दृश्य एका पानाचं. वर जागा आणि वेळ, खाली जे दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच. 'त्याला वाईट वाटतं' असं लिहायचं नाही, तो काय करतो ते लिहायचं. एका पात्राचा सलग संवाद दोन ओळींच्या वर गेला की खोडा. चार-चार जणांचे गट करा, पन्नास मिनिटं द्या. त्यातली पहिली पंधरा निव्वळ बोलण्यात जातील, त्यांना घाई करू नका. शेवटी दोनच गटांचं वाचन घ्या, सगळ्यांचं घेतलंत तर वेळ पुरणार नाही.

एकूण वेळेचा अंदाज: फळा पंचवीस मिनिटं, 'आवारा' आणि याद्या पंचवीस, 'धरती के लाल' वीस, चहा दहा, खटला तीस, सराव पन्नास, वाचन आणि प्रश्न वीस. एकूण तीन तास, हातात काहीच उरत नाही. उशिरा सुरू झालं तर फळ्यातून कापा, सरावातून नको.

सातपुडा_शिरपूर

खान्देशाचा एक धागा राहिला. अब्बासांनी १९८०ला 'द नक्सलाइट्स' काढला. त्यात मिथुन चक्रवर्तींसोबत स्मिता पाटील आहेत, आणि स्मिताताईंचं घराणं आमच्या शिरपूरचं. वडील शिवाजीराव पाटील समाजवादी चळवळीतले, आई विद्याताई समाजकार्यातल्या. अब्बास तेव्हा पासष्टी ओलांडलेले, 'बॉबी'सारखं यश मागे होतं, आणि विषय निवडला तो हा. पांझरा भाऊंच्या तिसऱ्या ओळीत शेवटाला हे नाव टाका. हा सिनेमा अजून हक्कात आहे, तेव्हा दाखवू नका, नुसता सांगा.

आणि ताई, फळ्यावरचा तक्ता मोठ्या पुठ्ठ्यावर करून घ्या. मागच्या रांगेतून वाचायचा तर अक्षर निदान तीन इंच हवं, तीन ओळींना तीन रंग. कार्यक्रम झाल्यावर तो वाचनालयाच्या भिंतीवर लावता येईल, सभासदांनाही त्यावर पुढची सालं भरता येतील.